इस्त्रीची चकती आणि मनातले यंत्र

सकाळचे सव्वासहा वाजले होते. शाळा सात वाजता भरते. गणवेशाचा सदरा चुरगळलेला आणि रात्रभर गेलेली वीज नुकतीच आलेली. मुलाने घाईघाईने विजेची इस्त्री लावली. सदरा पॉलिएस्टरचा, म्हणजे कृत्रिम धाग्याचा होता. अशा कापडासाठी इस्त्रीवरील गोल चकती ‘नायलॉन’ या खुणेजवळ ठेवावयाची असते. पण त्याने ती फिरवून थेट ‘कॉटन’वर नेली.

“अरे, एवढी कशाला फिरवलीस?” आजीने विचारले.

“लवकर तापू दे गं आजी. तापली की कमी करतो.”

तो तोंड धुवायला गेला, परत आला आणि चकतीचे विसरून त्याने इस्त्री सदऱ्यावर टेकवली. सदऱ्याच्या पाठीवर तव्याएवढे भोक पडले.

हा मुलगा माझ्या वर्गातला. उष्णतेच्या धड्यावर त्याला चांगले गुण होते. ‘द्विधातू पट्टीचा एक उपयोग लिहा’ या प्रश्नाला त्याने ‘विजेच्या इस्त्रीत तापमान कायम राखण्यासाठी’ असे अगदी बरोबर उत्तर लिहिले होते. म्हणून तर त्याची ही कहाणी ऐकून मी विचारात पडलो. उत्तर वहीत बरोबर होते, पण हाताने ऐकले ते दुसऱ्याच कोणाचे तरी. ते कोणाचे?

त्याच्या हाताने जे केले त्यामागे एक विचार होता. चकती जास्त फिरवली म्हणजे इस्त्रीत जास्त उष्णता सोडली जाते, आणि जास्त उष्णता सोडली म्हणजे ती लवकर तापते. या विचारात तसे वेडेपणाचे काही नाही. नळ जास्त सोडला की बादली लवकर भरते. गॅस मोठा केला की दूध लवकर उतू जाते. पंख्याचे बटन फिरवले की वारा वाढतो, रेडिओचे फिरवले की आवाज वाढतो. फिरवण्याच्या वस्तूंचा आपला सगळा अनुभव असा ‘नळाचा’ असतो. मग इस्त्रीची चकती तरी निराळी कशी असेल? कोणी न शिकवताच मन तिला नळाच्या पंगतीत बसवून टाकते.

आता इस्त्रीच्या आत प्रत्यक्षात काय असते ते पाहू या. तळाच्या जाड धातूच्या तव्याला लागून तापणारी तार असते. दुरुस्ती करणारे तिला ‘एलिमेंट’ म्हणतात. इस्त्री ७५० वॅटची असेल, तर या तारेत वीज खेळते तेव्हा ती ७५० वॅटच्याच दराने खर्च होते. ‘नायलॉन’वर थोडे वॅट आणि ‘कॉटन’वर जास्त वॅट अशी सोय तेथे नसते. वीज एक तर पूर्ण चालू असते, नाही तर पूर्ण बंद.

ही चालू-बंद करण्याचे काम द्विधातू पट्टी करते. दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींवर पक्क्या बसवलेल्या असतात. तापल्यावर एक जास्त प्रसरण पावते, दुसरी कमी. जोडलेल्या असल्यामुळे त्या एकमेकींना सोडू शकत नाहीत, म्हणून सगळी पट्टी वाकते. पुरेशी वाकली की विजेचा संपर्क तुटतो व लाल दिवा विझतो. इस्त्री थोडी निवली की पट्टी सरळ होऊ लागते, संपर्क पुन्हा जुळतो, दिवा पुन्हा लागतो. इस्त्री चालू असताना दिव्याची ही उघडझाप तुम्ही नेहमी पाहता. चकती फिरवल्याने आतील एक स्क्रू पुढे-मागे सरकतो आणि संपर्क तुटण्यासाठी पट्टीने किती वाकले पाहिजे ते ठरते. एवढेच.

थोडक्यात, चकती म्हणजे नळाची चावी नव्हे. दारावर बसलेल्या पहारेकऱ्याला दिलेला तो हुकूम आहे: ‘एवढी तापली की बंद कर.’ हुकूम कोणताही द्या, तेथपर्यंत पोहोचण्याचा वेग तोच राहणार. त्या मुलाने चकती ‘नायलॉन’वर ठेवली असती, तरी इस्त्री त्या तापमानाला तितक्याच वेळात पोहोचली असती, आणि पुढे न जाता तेथेच थांबली असती.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. घरातील मोठ्या माणसाला जवळ बसवून हा प्रयोग करा. इस्त्री पूर्ण थंड असू द्या. चकती ‘नायलॉन’वर ठेवून इस्त्री उभी करा, बटन चालू करा आणि लाल दिवा किती सेकंदांनी विझतो ते घड्याळात पाहून लिहा. मग इस्त्री बंद करून तास-दीड तास पूर्ण निवू द्या. आता चकती ‘कॉटन’वर ठेवून पुन्हा सुरू करा. आधी लिहिलेले सेकंद भरताच चकती हळूहळू उलटी फिरवत आणा आणि दिवा कोणत्या खुणेपाशी विझतो ते पाहा.

प्रयोगाआधी दोन्ही चित्रांना भाकीत करायला लावा, कारण खरी गंमत तेथेच आहे. चकती नळासारखी असेल, तर ‘कॉटन’वर ठेवलेली इस्त्री एवढ्या वेळात पुष्कळच जास्त तापलेली असणार, तेव्हा चकती थोडी मागे घेताच, ‘नायलॉन’ची खूण येण्याच्या बरीच आधी, दिवा विझला पाहिजे. चकती पहारेकऱ्याच्या हुकुमासारखी असेल, तर दोन्ही वेळा इस्त्री सारखीच तापलेली असणार आणि दिवा ‘नायलॉन’च्या आसपासच विझला पाहिजे. पट्टी तव्याच्या थोडी मागून तापत असल्यामुळे अगदी रेघेवर विझेलच असे नाही. पण दोन भाकितांत एवढे अंतर आहे की निकाल कोणाच्या बाजूचा ते सहज कळते.

मनात अशी चित्रे असतात, ही कल्पना केनेथ क्रेक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली आपल्या ‘द नेचर ऑफ एक्स्प्लनेशन’ या छोट्या पुस्तकात मांडली. त्याचे म्हणणे असे की, आपल्या डोक्यात बाहेरच्या जगाची एक लहानशी प्रतिकृती असते आणि आपण ती आधी मनातल्या मनात चालवून पाहतो. पूल बांधणारा अभियंता जसे प्रतिकृतीवर वजन टाकून पाहतो तसे. त्यामुळे प्रत्येक गोष्ट प्रत्यक्ष करून हात पोळून घ्यावे लागत नाहीत. मात्र मनातील प्रतिकृतीच चुकीची असेल, तर तिचा सल्लाही चुकणार.

इस्त्रीतील हा गोंधळ केवळ आपल्याकडचा आहे असे समजू नका. थंड देशांत घरे गरम ठेवण्यासाठी तळघरात भट्टी असते आणि भिंतीवर तापमान ठरवण्याची चकती, म्हणजे थर्मोस्टॅट. विलेट केम्प्टन या अमेरिकी संशोधकाने मिशिगन राज्यातील लोकांना, तुम्ही ही चकती कशी वापरता आणि ती कसे काम करते असे तुम्हाला वाटते, हे विचारले. त्याचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्याला दोन तऱ्हेची माणसे भेटली. काही जण चकतीला पहारेकरी समजत होते, तर काही नळ. नळवाले बाहेरून कुडकुडत आले की घर लवकर तापावे म्हणून चकती भरपूर वर नेत. जन्मभर त्या घरात राहूनही त्यांना आपले चित्र चुकीचे असल्याचे कळले नव्हते. कळणार कसे? चकती वर नेली की थोड्या वेळाने घर तापतेच! ते न फिरवताही तेवढ्याच वेळात तितके तापले असते, हे पाहायला कोणी थांबत नाही.

केम्प्टनच्या अभ्यासातील एक बारकावा मला फार आवडतो. चुकीचे चित्र बाळगणारे सगळीकडे चुकतात असे नाही. चकती कमी ठेवली तर इंधन कमी लागेल, रात्री निजताना उतरवून ठेवली तर बचत होईल, हे नळवाले चटकन ओळखतात. नळ बारीक केला की पाणी कमी जाते, इतके ते सोपे वाटते. आणि ते बरोबरही आहे. घर जितके गरम, तितकी बाहेर निसटणारी उष्णता जास्त, आणि तितके इंधन जास्त. उलट, पहारेकरी मानणाऱ्यांपैकी काहींना वाटे की घर एकदा निवले तर ते पुन्हा तापवायला जास्तच इंधन लागेल, म्हणून चकती उतरवू नये. त्यांच्या चित्रात पहारेकरी होता, पण भिंतींतून निसटणारी उष्णता नव्हती. तेव्हा चित्र बरोबर असणे आणि पुरे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे हाच प्रश्न एअर कंडिशनरच्या रूपाने घरोघर येतो आहे. पाहुणे घामाघूम होऊन आले की यजमान रिमोटवर १६ अंश लावतात. साध्या यंत्रात कॉम्प्रेसर इस्त्रीच्या तारेसारखाच पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असतो, त्यामुळे १६ लावल्याने खोली लवकर थंड होत नाही. फक्त यंत्र थांबायचे नाव घेत नाही आणि बिल वाढते. भारतात १ जानेवारी २०२० पासून घरगुती एअर कंडिशनर सुरू होताना आपोआप २४ अंशांवर असावेत असा नियम झाला, तो याच कारणासाठी. अलीकडच्या ‘इन्व्हर्टर’ जातीच्या यंत्रात मात्र कॉम्प्रेसरचा वेग खरोखरच कमीजास्त होतो. म्हणजे नळाच्या चित्रात तेथे थोडे तथ्य आले! तरीही खोली ३४ अंशांवर असेल, तर २४ लावा की १६ लावा, सुरुवातीला ते जवळजवळ सारख्याच जोराने धावणार.

इस्त्रीने सदरा जळतो, एअर कंडिशनरने बिल वाढते. पण चुकीचे चित्र याहून महाग पडू शकते. म्हणून आता स्वयंपाकघरात, प्रेशर कुकरकडे जाऊ.

वर्गात मी विचारले, “डाळ कशाने शिजते?” बहुतेकांचे उत्तर आले, “चार शिट्ट्यांनी!” हसण्यासारखे वाटेल, पण घराघरांतली भाषा हीच आहे. भाताला तीन, डाळीला चार, राजम्याला सात. या भाषेत शिट्टी म्हणजे शिजण्याचे काम, आणि जितक्या शिट्ट्या तितके काम.

खरे काय घडते? उघड्या पातेल्यात समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. मग आच कितीही वाढवा, पाणी त्यापुढे तापत नाही, फक्त वाफ जास्त होते. कुकरचे झाकण घट्ट असल्याने वाफ आत कोंडते व दाब वाढतो. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. झाकणावरचे वजन असे निवडलेले असते की आतील दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅमने जास्त झाला की ते उचलले जाते. त्या दाबाला पाणी सुमारे १२० अंशांना उकळते, आणि डाळ लवकर शिजते ती या वीस अंशांमुळे. शिट्टी एवढेच सांगते की दाब मर्यादेपर्यंत आला आहे आणि जास्तीची वाफ बाहेर जात आहे. येथे वजन हाच पहारेकरी. अशी वजनाची झडप काही आजची नाही. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये हाडे मऊ करण्यासाठी बंद भांडे तयार केले, त्यावर त्याने अशीच झडप बसवली होती.

खात्री करायची असेल तर आईला सांगून पाहा. पहिली शिट्टी झाली की आच इतकी मंद करावी की वजन नुसते फुसफुसत राहील, पण शिट्टी होणार नाही. पंधरा मिनिटांनी कुकर बंद करून निवल्यावर उघडा. एकाच शिट्टीत डाळ शिजलेली दिसेल. शिट्ट्या मोजणे हे खरे तर घड्याळ आहे. कुकर तोच, आच तीच, डाळ-पाणी तेवढेच, तोपर्यंत ते घड्याळ ठीक चालते. मामाच्या घरचा मोठा कुकर आणि मोठी शेगडी असली की ‘चार शिट्ट्या’ निराळ्याच वेळात होतात आणि डाळ कणीदार राहते. दोष मग डाळीला दिला जातो.

येथवर नुकसान फार तर वरणाचे. पण मी लहान असताना आमच्या चाळीत एका शेजारीण काकूंचे दोन्ही हात कुकरने भाजले, ते मला अजून दिसतात. रॉकेलचा स्टोव्ह होता. पाहुणे जेवायला बसायचे होते, कुकर उघडायची घाई होती. त्यांनी झाकण जोर लावून ओढले आणि उकळते पाणी उसळून बाहेर आले. माझ्या आईजवळ त्या पुन:पुन्हा एकच सांगत होत्या, “अहो, मी स्टोव्ह बंद केला होता हो!”

त्यांनी स्टोव्ह खरोखरच बंद केला होता. त्यांच्या मनातल्या चित्रात जाळ म्हणजे यंत्र चालू आणि जाळ विझला म्हणजे यंत्र बंद. दिव्याला, पंख्याला, मिक्सरला हे चित्र चालते. कुकरला चालत नाही, कारण कुकरने उष्णता साठवून ठेवलेली असते. ती किती, याचा हिशेब तुम्हाला करता येईल. समजा आत १ लिटर, म्हणजे १००० ग्रॅम पाणी १२० अंशांवर आहे. झाकण एकदम निघाले की दाब उतरतो आणि त्या पाण्याला १०० अंशांच्या वर राहता येत नाही. वीस अंशांची जास्तीची उष्णता म्हणजे १००० × २० = २०,००० कॅलरी. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. भागाकार केला की सुमारे ३७ ग्रॅम पाण्याची त्याच क्षणी वाफ होते. सदतीस ग्रॅम म्हणजे अडीच-तीन चमचे पाणी. वाचायला किती किरकोळ! पण १०० अंशांवर एका ग्रॅम वाफेला सुमारे १.७ लिटर जागा लागते. म्हणजे साठ लिटरहून अधिक वाफ, तीही पाण्याच्या आतूनच, एका क्षणात फुटून वर येते आणि उरलेले पाणी व डाळ उधळून लावते. म्हणून दाब पूर्ण उतरल्यावर, वजन उचलून फुस्स आवाज येत नाही याची खात्री करूनच झाकण काढावयाचे.

‘असे करू नका’ ही सूचना त्या काकूंनीही ऐकलेली असणार. पण सूचनेमागचे चित्र कोणी दिले नसेल तर घाईच्या वेळी सूचना विसरते आणि जुने चित्र हात चालवते.

शिक्षकांना येथे प्रश्न पडेल की विद्यार्थ्याच्या मनातले चित्र ओळखायचे कसे? “समजले का?” असे विचारून मुळीच कळत नाही. “हो” हेच उत्तर येते आणि ते प्रामाणिक असते. अमेरिकेतील येल विद्यापीठात लिओनिड रोझेनब्लिट व फ्रँक कील यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना शिवणयंत्र, कुलूप, चेन यांसारख्या वस्तू कशा चालतात ते आपल्याला किती समजते याला १ ते ७ असे गुण द्यायला सांगितले. मग त्याच वस्तूचे काम पायरी-पायरीने लिहून काढायला लावले आणि पुन्हा गुण द्यायला सांगितले. दुसऱ्या खेपेला लोकांनी आपले गुण आपणच कमी केले. वस्तू रोज दिसते, हाताळता येते, तेव्हा ती समजली आहे असा भास होतो, आणि तो भास लिहायला बसेपर्यंत मोडत नाही.

याहून सोपा प्रयोग सायकलचा. लिव्हरपूल विद्यापीठातील रिबेका लॉसन यांनी लोकांना सायकलच्या अर्धवट चित्रात सांगाडा, पायडल व साखळी दाखवायला सांगितली. हा अभ्यास २००६ सालचा. कित्येकांनी साखळी पुढच्या चाकालाही गुंडाळली, काहींनी पुढचे व मागचे चाक एकाच दांड्याने जोडून टाकले. अशी सायकल वळणारच नाही! मी हे आमच्या वर्गात करून पाहिले. सायकलवरून शाळेत येणाऱ्या मुलांच्याही वह्यांत अशा न वळणाऱ्या सायकली निघाल्या. मात्र चित्र फळ्यावर काढून “आता हँडल फिरवा” म्हटल्याबरोबर मुले स्वत:च ओरडली, “सर, ही सरळच जाणार!” मी काही सांगावे लागले नाही.

एक मुलगी घरी जाऊन आईच्या शिवणयंत्राचे असेच चित्र काढून आली. तिला प्रश्न पडला होता, आणि तो मोठा नामी होता. खालचा दोरा बॉबिनवर गुंडाळून बंद डबीत बसलेला असतो, त्याचे टोक तर वरच्या दोऱ्यात कोणी ओवत नाही. मग टाका अडकतो कसा? आम्ही यंत्राची पट्टी सरकवून चाक हाताने हळूहळू फिरवले. सुई खाली जाऊन किंचित वर येते, तेव्हा सुईच्या टोकापाशी वरच्या दोऱ्याचा लहानसा फासा सुटतो. फिरता आकडा तो फासा पकडतो आणि रुंद करून संपूर्ण बॉबिनवरून ओढून नेतो. म्हणजे खालचा दोरा वरच्यातून जात नाही, वरचाच दोरा खालच्याच्या सगळ्या घराला प्रदक्षिणा घालून येतो. वीस वर्षे शिवण करणाऱ्या तिच्या आईनेही ते त्या दिवशी प्रथमच पाहिले.

आता दोन प्रश्न तुमच्यासाठी. दोन्हींची उत्तरे आधी लिहा, आणि सोबत आतील व्यवहाराचे चित्र काढा.

पहिला: उन्हाळ्यात दारे-खिडक्या बंद करून फ्रीजचे दार उघडे ठेवले, तर दोन तासांनी खोली थंड होईल की गरम? चित्र काढताना फ्रीजची पुढची बाजूच नव्हे, तर मागची बाजूही काढा. तेथे हात लावून पाहिल्यावर काय जाणवते ते आठवा, आणि मोटरला लागणारी वीज शेवटी कोठे जाते तेही दाखवा.

दुसरा: बंद खोलीत पंख्याखाली तापमापक टांगला आणि अर्धा तास पंखा चालवला, तर पारा उतरेल का? हा प्रयोग प्रत्यक्ष करता येतो. नंतर तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा आणि पुन्हा पाहा.